शार्कपट लिहायचाय? शार्क सगळ्यात शेवटी आणा

मी चित्रपटांची संकलक आहे. म्हणजे तुम्ही थंडीने कुडकुडत, उधारी करून पाण्यात जो शार्क चित्रित करून आणता, तो कापून टाकणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे ‘सुट्टीवर गेलेली कॉलेजची मुलं, आडबाजूची जागा, पाण्यात नरभक्षक शार्क’ असली पटकथा कुणी वाचायला दिली की शार्क कितव्या पानावर येतो ते मी बघतच नाही. ही पोरं पाण्याबाहेर का येत नाहीत, ते बघते.

कारण शार्कची एक मोठी अडचण आहे. भूत घरात शिरतं, खुनी दार फोडतो. शार्क पायऱ्या चढून वर येत नाही. काठावर जाऊन बसलं की सिनेमा संपला, हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच माहीत असतं. म्हणून लिहायला बसण्याआधी एक नकाशा काढा. हाताने, वाकडातिकडा चालेल. काठ कुठे, बोट कुठे, मध्ये खडक किंवा तराफा आहे का, आणि प्रत्येक अंतर मीटरमध्ये. बऱ्यापैकी पोहणाऱ्या माणसाला शंभर मीटर कापायला दोन-अडीच मिनिटं लागतात. पडद्यावर दोन मिनिटं म्हणजे खूप मोठा काळ. तेवढ्यात तुम्ही प्रेक्षकाचा जीव टांगणीला लावू शकता, पण शंभर मीटर शंभरच राहिले पाहिजेत. एका सीनमध्ये काठ हाताशी आणि पुढच्या सीनमध्ये क्षितिजावर, असं फुटेज आलं की मला सगळे वाइड शॉट, म्हणजे लांबून अख्खी जागा दाखवणारी दृश्यं, काढून टाकावे लागतात. मग जागाच कळत नाही, आणि जागा कळली नाही की भीती वाटत नाही.

‘द शॅलोज’ (2016) बघा. नायिका खडकावर अडकलेली, किनारा समोर दिसतोय, आणि भरती आली की खडक पाण्याखाली जाणार. वेगळं घड्याळ दाखवायची गरजच नाही. ‘ओपन वॉटर’ (2003) मध्ये बरोबर उलटं. बोटीवर परतलेली माणसं मोजताना घोळ होतो, दोघं डायव्हर समुद्रात मागे राहतात आणि चारही बाजूंना नुसतं पाणी. दोन्ही रचना चालतात. अर्धवट तेवढं चालत नाही.

मोबाइलला रेंज नाही, हे तर प्रत्येक जण लिहितो. त्यापेक्षा फोन लागू द्या. पलीकडचा माणूस शांतपणे पत्ता लिहून घेऊ दे आणि सांगू दे, “पोहोचायला चाळीस मिनिटं लागतील.” आता तुमच्याकडे चाळीस मिनिटांचा सिनेमा आहे.

शार्क कोणता?

आधी पाणी ठरवा, मग शार्क. ग्रेट व्हाइट बहुतेक लेखकांच्या बोटांतून आपोआप उतरतो, पण तो मुख्यतः थोड्या गार पाण्यातला मासा आहे. उथळ, कोमट, नारळाची झाडं असलेल्या किनाऱ्यावर टायगर शार्क जास्त शोभतो. जहाज बुडालंय, किनारा शेकडो किलोमीटर लांब आहे, तर ओशनिक व्हाइटटिप. आणि मुलं तळ्याकाठच्या किंवा नदीकाठच्या बंगल्यावर सुट्टीला गेली असतील तर बुल शार्क, दुसरा कुणी नाही.

बुल शार्कवर जरा थांबते, कारण लेखकाला त्याच्याइतका कामाचा मासा सापडणार नाही. समुद्री शार्क आपल्या अंगात मीठ आणि युरिया साठवून असतात. गोड्या पाण्यात गेले तर बाहेरचं पाणी शरीरात घुसत राहतं आणि आतलं मीठ निघून जातं. बुल शार्क अंगातला युरिया कमी करतो, मूत्रपिंडांकडून भरपूर पातळ लघवी बाहेर टाकून घेतो, आणि निवांत नदीत राहतो. 1937 साली अमेरिकेत मिसिसिपी नदीत थेट इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन गावापर्यंत एक बुल शार्क सापडला होता. निकाराग्वाच्या मोठ्या सरोवरातले शार्क ही वेगळी जात आहे असं बराच काळ मानलं जायचं, पण तेही बुल शार्कच. त्यांना खुणेच्या पट्ट्या लावल्यावर कळलं, ते सान हुआन नदीतून समुद्राकडे ये-जा करतात. आता विचार करा, तळ्यात डुंबणाऱ्या मुलांपैकी एक जण ‘गोड्या पाण्यात शार्क नसतात रे’ असं छातीठोक सांगतो. हा संवाद तुम्हाला आयता मिळाला. फक्त तो विनोद म्हणून येऊ द्या, इशारा म्हणून नाही.

‘शार्क नाइट थ्रीडी’ (2011) मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातलं खाऱ्या पाण्याचं तळं आहे आणि त्यात नाना जातींचे शार्क माणसांनीच आणून सोडलेत. पटण्याचा प्रश्न सुटला, पण माझ्या मते भीती तिथेच निम्मी झाली. माणूस खलनायक निघाला की शार्क त्याचा पाळीव कुत्रा होतो. दुष्ट माणूस हवाच असेल तर असा ठेवा, जो शार्क आणत नाही पण शार्क असल्याचं लपवतो.

पोरं

सहा पुरेत. आठ-नऊ लिहिली तर नावं लक्षात राहत नाहीत, आणि नाव माहीत नसलेल्या माणसाच्या मरणाने कुणी खुर्चीवरून हलत नाही. खेळाडू, अभ्यासू, फटकळ, लाजाळू अशी लेबलं लावून मोकळे होऊ नका. त्याऐवजी प्रत्येकाचं पाण्याशी नातं लिहा. एकीला पोहता येत नाही आणि ती हे चार वर्षांच्या मैत्रीत कुणाला कळू देत नाही. एक जण स्पर्धेत पोहतो, त्यामुळे आपण वेगाने निसटू असं त्याला खरोखर वाटतं. (जोराने पाणी मारत पळणारा माणूस शार्कचं लक्ष अधिक वेधतो, हे त्याला माहीत नाही.) एकाने बोट चालवता येते अशी थाप मारलेली आहे. एवढ्यावर निम्मी पटकथा स्वतःहून चालू लागते.

मग प्रत्येक वेळी कुणीतरी पाण्यात का उतरतं, त्याची कारणं एकाखाली एक लिहा आणि ती चढत्या क्रमाने लावा. पहिल्यांदा मजा. दुसऱ्यांदा कुणाला तरी वाचवायला. तिसऱ्यांदा वस्तूसाठी: बोटीची किल्ली, औषधाची पिशवी, बुडत चाललेला रेडिओ. चौथ्यांदा उतरायचं नसतं, पण पायाखालचंच जातं. एकच कारण दोनदा आलं तर दुसऱ्या वेळी प्रेक्षक शार्कच्या बाजूने होतो. थिएटरात ‘खा त्याला’ असं ओरडणं मी ऐकलेलं आहे, आणि त्यात चूक प्रेक्षकाची नव्हती.

संकलनाच्या टेबलावरची माझी एक चाचणी आहे. कुठलेही दोन मृत्यू उलटसुलट लावून बघते. काही बिघडलं नाही, तर पटकथा कच्ची. प्रत्येक मरणाने मागे काहीतरी ठेवलं किंवा काहीतरी नेलं पाहिजे. किल्ली त्याच्या खिशात होती. काठाकडची वाट फक्त तिलाच माहीत होती. आता क्रम बदलून दाखवा!

शार्क दाखवायचा तरी कधी

‘जॉज’ची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, तरी पुन्हा सांगते, कारण लोक त्यातून भलताच धडा घेतात. स्पिलबर्गच्या 1975 च्या त्या चित्रपटात यांत्रिक शार्क होता, सेटवर त्याला ब्रूस म्हणत. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो सारखा बंद पडायचा. 55 दिवसांचं ठरलेलं चित्रीकरण 159 दिवसांवर गेलं. शार्क चालेना म्हणून शार्कऐवजी इतर गोष्टी दाखवल्या गेल्या: पाण्यावर ओढले जाणारे पिवळे पिंप, तुटून वाहत गेलेला आणि मग स्वतःहून वळून परत येणारा धक्क्याचा तुकडा. शार्क धडपणे दिसायला तास उलटून जातो. संकलक व्हर्ना फील्ड्स यांना त्या कामासाठी ऑस्कर मिळालं.

‘शार्क लपवा’ एवढंच लोक यातून उचलतात आणि मग तासभर काहीच दाखवत नाहीत. तसं नाही. शार्कच्या जागी दुसरी हलणारी वस्तू हवी, आणि ती वस्तू आधी ओळखीची करून द्यायला हवी. तळ्यावर मुलं असतील तर वेकबोर्डची (बोटीमागे ओढत नेतात त्या फळीची) दोरी, रिकामं लाइफ जॅकेट, गाण्यांचा आवाज येत असलेला तरंगता स्पीकर. पहिल्या पंधरा मिनिटांत या वस्तूंनी मुलांना खेळू द्या. नंतर तो स्पीकर वाऱ्याच्या उलट्या दिशेने निघाला की पुरे.

संगीताचंही तसंच. ‘जॉज’मधली ती धून खरा शार्क असतानाच वाजते, दोन पोरं खोटा पर लावून लोकांना घाबरवतात तेव्हा वाजत नाही. प्रेक्षक नकळत हा नियम शिकतो. आणि मग बोटीमागे शार्क तोंड वर काढतो तेव्हा धून वाजलेलीच नसते! असा एक नियम घाला, इमानेइतबारे पाळा, एकदाच मोडा.

संगणकावर केलेल्या शार्कबद्दल एकच सांगते. तो काहीही करू शकतो, म्हणूनच त्याला कमी करायला लावा. हवेत उडणारा शार्क मी दीड सेकंदाच्या वर ठेवत नाही.

आवाज

शार्कला कंठ नाही. गुरगुरणारा, डरकाळी फोडणारा शार्क लिहिलात तर साउंडवाला वाघाचा आवाज चिकटवेल आणि सगळा खेळ खलास. पाण्याने स्वतः जे दिलंय ते वापरा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने. दोन्ही कानांत तो इतक्या लगोलग पोहोचतो की कुठल्या बाजूने आला ते मेंदूला कळत नाही. म्हणजे तुमच्या नायिकेने डोकं बुडवलं की बोटीचं इंजिन स्पष्ट ऐकू येतं, पण बोट कुठे आहे ते कळत नाही. डोकं वर काढलं की इंजिन गायब, नुसता वारा आणि मैत्रिणीचा हाका मारणारा आवाज. वर-खाली, वर-खाली. या सीनमध्ये शार्क नसला तरी चालतो, मी तर म्हणेन नसलेलाच बरा.

रक्ताचंही जाताजाता. एक थेंब पडला आणि मैलभरावरचा शार्क धावत आला, ही अतिशयोक्ती आहे. वास प्रवाहाबरोबर सरकतो, त्याला वेळ लागतो. आणि तेच बरं: प्रवाह कुठल्या दिशेने वाहतोय हे आधी दाखवून ठेवा, मग नुसत्या खरचटलेल्या गुडघ्यावर कॅमेरा गेला तरी पुरतं. खोल पाण्यात लाल रंग पोहोचत नाही, तिथे रक्त काळपट हिरवं दिसतं. अगदी जवळ आल्यावर शार्कला नाकाभोवतालच्या बारीक छिद्रांतून आपल्या स्नायूंची वीज जाणवते. त्यामुळे ‘श्वास रोखून स्तब्ध राहा’ असं सांगणारा हुशार मित्र तुमच्या पटकथेत चुकू शकतो.

शार्कला सूडबुद्धी मात्र देऊ नका. जगभरात वर्षाला विनाकारण चावल्याच्या घटना सरासरी साठ-सत्तर, मृत्यू त्याहून फारच कमी. ‘जॉज’ ही मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली पुढे शार्कच्या संरक्षणासाठी काम करत राहिले. भुकेला, चुकीच्या जागी आलेला मासा पुरेसा भयानक असतो.

मसुदा पूर्ण झाला की त्याची एक प्रत छापा. शार्कचा उल्लेख असलेली प्रत्येक ओळ काळ्या पेनाने खोडा आणि सहा मित्रांना सहा भूमिका देऊन मोठ्याने वाचायला बसवा. वाचताना कुणी जांभई दिली, कुणी मोबाइल काढला, तर ते पान क्रमांक लिहून घ्या. तिथे नवा हल्ला घुसवू नका. त्या पानावर त्या मुलाला काय हवंय ते आधी लिहा.