‘ए’ आणि ‘आर’ असलेला पाच अक्षरी इंग्रजी शब्द कसा शोधावा

वर्डल (पाच अक्षरी गुप्त इंग्रजी शब्द सहा अंदाजांत ओळखायचा ऑनलाइन खेळ) खेळताना, शब्दकोडं सोडवताना किंवा स्क्रॅबलच्या पटावर एकच अडचण पुन्हा पुन्हा येते. शब्द पाच अक्षरांचाच हवा, त्यात अमुक दोन अक्षरं हवीत, आणि नेमकं तेव्हाच काही सुचत नाही. बहुतेक जण अशा वेळी शब्द आठवत बसतात. माझं सांगणं असं, की शब्द आठवू नका, अक्षरांना जागा शोधून द्या.

कागदावर पाच चौकटी काढा. जागा पक्की झालेलं अक्षर त्या त्या चौकटीत लिहा. शब्दात आहे पण जागा ठाऊक नाही, असं अक्षर वर बाजूला लिहा आणि ते जिथे येऊ शकत नाही त्या चौकटीखाली ते लिहून काट मारा. ही काट मारायचा कंटाळा केला जातो, पण निम्मं काम तीच करते.

आता उच्चार बाजूला ठेवा. मराठी आपण बरंचसं बोलतो तसं लिहितो, त्यामुळे आपला कान आधी धावतो. ‘नाइफ’ शोधणारा एनकडे वळतो, पण शब्द सुरू होतो केपासून. ‘क्लाइंब’च्या शेवटी बी आहे, तो ऐकूच येत नाही. म्हणून तोंडाने शब्द म्हणून पाहण्यापेक्षा चौकटीत अक्षरं मांडून पाहा.

पहिला अंदाज नेहमीच्या अक्षरांचा असावा. ही अक्षरं कोणती, ते स्क्रॅबलच्या शंभर सोंगट्याच सांगतात. स्क्रॅबलचे जनक अल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या, ते ठरवलं. त्यात ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, तर आर, एन, टी प्रत्येकी ६ आहेत. क्यू, झेड, जे, एक्स, के यांची एकेकच सोंगटी. म्हणून ‘क्रेन’ (सी-आर-ए-एन-ई) ही चांगली सुरुवात.

वर्डल प्रत्येक अंदाजातली अक्षरं रंगवतो : योग्य जागी असलेलं हिरवं, शब्दात आहे पण जागा वेगळी ते पिवळं, शब्दात नाहीच ते राखाडी. समजा वर्डलमध्ये ‘क्रेन’ टाकला आणि आर व ए पिवळे झाले, बाकीची अक्षरं राखाडी. म्हणजे दोन्ही शब्दात आहेत, पण आर दुसऱ्या जागी नाही आणि ए तिसऱ्या जागी नाही. आता एकेक मांडणी धरून पुढे चला. ए दुसरा, आर तिसरा धरला की पार्टी, हार्श, मार्श, लार्व्हा, कर्मा सुचतात. आर पहिला, ए दुसरा धरला की रेडिओ, रॅपिड, रॅली. ए दुसरा आणि आर शेवटी धरला तर मेयर (एम-ए-वाय-ओ-आर), मेजर. ए चौथा, आर पाचवा असेल तर सोलर, पोलर, शुगर. ए पहिला, आर चौथा असेल तर अबॉर्ट. मघाशी एकही शब्द सुचत नव्हता, आता डझनभर समोर आहेत.

यातला कोणता टाकावा? ज्यातून सर्वांत जास्त नवी माहिती मिळेल तो. मी ‘सोलर’ टाकेन, कारण त्यात एस, ओ, एल ही तीन नवी कामाची अक्षरं आहेत. समजा ए हिरवा झाला, एल आणि आर पिवळे. ए चौथा पक्का. आर पाचवा नाही, म्हणून तो पहिला किंवा तिसरा. एल तिसरा नाही, आणि ए चौथा असताना त्याला शेवटची जागाच शोभते. उरतात रायव्हल, व्हायरल, म्युरल, रूरल आणि ऑरल (ए-यू-आर-ए-एल). यात ‘रायव्हल’ टाकणं शहाणपणाचं, कारण चुकला तरी रंगांवरून व्हायरल आणि रूरल वेगळे ओळखू येतात. गोंधळ राहिला तर फक्त म्युरल आणि ऑरलमध्ये. अशा वेळी जास्त वापरातला शब्द निवडा. त्याला कारण आहे. ब्रुकलिनच्या जॉश वॉर्डल यांनी वर्डल हा खेळ आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी तयार केला, आणि पाच अक्षरी सुमारे बारा हजार शब्दांतून ओळखीचे अडीच हजारांच्या आसपास शब्द उत्तरांसाठी पलकनेच निवडले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला, पुढच्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला, तरी उत्तरं नेहमीच्या वापरातलीच राहिली. साधा एस जोडून केलेली अनेकवचनं तर सहसा उत्तरात येतच नाहीत.

अंदाज म्हणून मात्र ती चालतात, आणि एका सापळ्यातून तीच सोडवतात. आय-जी-एच-टी ही शेवटची चार अक्षरं हिरवी झाली की खेळणारा खूश होतो आणि लाइट, नाइट, राइट, माइट, साइट, टाइट, फाइट, एट असे एकामागून एक टाकत सहा संधी संपवतो. इथे थांबा आणि ‘फर्न्स’ (एफ-ई-आर-एन-एस) टाका. तो उत्तर नसणारच, पण फाइट, एट, राइट, नाइट, साइट या पाचांपैकी कोणता, ते एका फटक्यात कळेल. काहीच रंगलं नाही तर लाइट, माइट आणि टाइट एवढेच उरतात. वर्डलच्या कठीण पद्धतीने (हार्ड मोड) खेळत असाल तर ही सोय नाही; मिळालेली अक्षरं पुढे वापरावीच लागतात.

दुर्मीळ अक्षर हाती आलं तर घाबरू नका, ते उलट जास्त सांगतं. क्यूच्या मागे जवळजवळ नेहमी यू येतो : क्वीन, क्विक, ईक्वल, स्क्वॉड. व्ही शब्दाच्या शेवटी फारसा येत नाही, त्याच्यामागे ई असतो : सॉल्व्ह, नर्व्ह, ग्रेव्ह. आणि ए, ई, आय, ओ, यू हे पाचही बाद झाले असतील तर वाय आहेच असं धरा. तो आधी तिसऱ्या, मग दुसऱ्या चौकटीत बसवून पाहा : क्रिप्ट, ट्रिस्ट, लिंच, निम्फ.