गळीत हंगामाआधी ट्रॅक्टरच्या लाईटचा फ्युज सारखा उडतोय? मग हे बघा

दसरा झाला की ऊस वाहतुकीची गडबड सुरू होते आणि ट्रॅक्टरवाल्यांची तीच रड, नवीन फ्युज टाकला की स्विच दाबायचा अवकाश, फट्ट. चार महिने ट्रॉली पावसात उभी, शेडमधल्या उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, वरनं कुणीतरी डबल एलईडी मारून ठेवलेल्या, मग दुसरं काय होणार.

पहिलं म्हणजे फ्युजच्या जागी तांब्याची तार नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावायची नाही, आणि 15 अँपियरचा उडतोय म्हणून 30 चा पण टाकायचा नाही. फ्युज उडाला नाही तर वायर तापून जळणार, आणि आपण उभे असतो कुठं तर वाळलेल्या पाचटात. उगाच विषाची परीक्षा नको.

आता फ्युज कधी उडतो ते नीट बघा, निम्मा फॉल्ट तिथंच कळतो. टाकल्या टाकल्या उडाला तर कुठंतरी डायरेक्ट शॉर्ट आहे. काचेचा फ्युज असेल तर आत काळाकुट्ट नाहीतर चंदेरी डाग दिसतो. दहा-पंधरा मिनिटं चालून गेला आणि तार मधोमध नुसती वितळलेली दिसली तर लोड जास्त आहे, नाहीतर होल्डर ढिला होऊन तापतोय (प्लास्टिक पिवळं पडलेलं, वितळलेलं असतं, होल्डरच बदला).

लोडचा हिशोब सोपाय, वॅट भागिले बॅटरीचे 12 व्होल्ट. हेडलाईटचे 55 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 9 अँपियरच्या आसपास. त्याच वायरला 48 वॅटच्या दोन एलईडी जोडल्या की आणखी 8, झाले 17, मग 15 चा निळा फ्युज टिकणार कसा? एलईडीला बॅटरीपासून वेगळी वायर, वेगळा रिले (स्विचच्या थोड्या करंटवर लाईटचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) आणि वेगळा फ्युज द्या, आणि तो फ्युज बॅटरीच्या जवळच बसवा.

शॉर्ट शोधताना आधी ट्रॉलीचा प्लग काढून बघा. बऱ्याचदा तिथंच सापडतं, सॉकेटमध्ये चिखल आणि हिरवा गंज, नाहीतर हुकापाशी वायर घासून तांबं उघडं पडलेलं. प्लग काढून फ्युज टिकला तर ट्रॅक्टर सोडा, ट्रॉली बघा.

तरी उडाला तर रिले उपसा. बुडाला आकडे असतात, 30 ला बॅटरीकडनं येणारी जाड वायर, 87 वरनं लाईटला जाते, 85 आणि 86 म्हणजे आतली कॉईल, जी स्विचवर चालते. रिले काढूनही जाड वायरीचा फ्युज उडतोय तर फॉल्ट फ्युज आणि 30 च्या मधे. रिले लावून टकक् आवाज झाला आणि लगेच उडाला तर बहुतेक 87 च्या पुढं. स्विचचा बारका फ्युज जात असेल तर कॉईलकडं बघा. आणि हो, काही रिलेत आत डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारा भाग) असतो, त्यात 85-86 उलटे जोडले की नवाकोरा रिले असूनही फ्युज जातो आणि आपण बसतो वायर उचकत.

दरवेळी नवा फ्युज जाळण्यापेक्षा फ्युजच्या जागी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरीनं जोडा. पण आधी हेडलाईटचे बल्ब काढा, नाहीतर त्यांच्यामुळं पण हा पेटतो आणि गोंधळ होतो. स्विच ऑन करा, बल्ब फुल पेटला म्हणजे शॉर्ट आहे. मग एकेक प्लग काढत, वायर हलवत जा, ज्या जागी बल्ब विझला तिथंच घोळ. सायलेन्सरजवळची वळणं, स्टिअरिंगखालचा गठ्ठा आणि पत्र्यातून वायर जाते तिथलं रबर, हे आधी बघा.

वायर जोडताना बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा. नुसती पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड दोन खेपात ढिला होतो, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) नीट दाबून वर स्लीव्ह म्हणजे प्लास्टिकची नळी चढवा. ट्रॉलीच्या मागच्या लाईट आणि इंडिकेटर दिवसा नाही, अंधार पडल्यावर एकदा पेटवून बघा, कारण खेप रात्रीचीच असते.