चित्रपट पाहून झाल्यावर स्वतःचे टिपण कसे लिहावे

चित्रपट कुठे मिळवायचा आणि उपशीर्षके कशी लावायची, हे वाचकांना ठाऊक आहे असे मी धरून चालते. दिवे मालवावेत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, परीक्षणे आधी वाचू नयेत आणि चित्रपट मध्येच थांबवू नये, एवढी तयारी पुरते. पाहता पाहता वहीत टिपत जावे, असा सल्ला नवख्या प्रेक्षकाला सर्रास दिला जातो आणि तो मला साफ अमान्य आहे. जपानी किंवा इराणी चित्रपट पाहताना आपले डोळे तसेही वारंवार पडद्याच्या तळाशी जातात; त्यात भर म्हणून वहीकडेही पाहायचे ठरवले, तर माणसांचे चेहरे पाहायला वेळच उरत नाही. संथ चित्रपट दीडपट वेगाने पाहण्याचा सल्ला तर कधीच मानू नये. ज्या चित्रपटात थांबणे हाच आशय असतो, तिथे वेग वाढवणे म्हणजे आशयच कापून टाकणे.

चित्रपट संपल्यावर तासाभराच्या आत लिहायला बसावे. कथानक चार वाक्यांत उरकावे, कारण ते सगळीकडे मिळते.

यानंतरची पायरी अवघड आहे आणि तिच्यात मी कितीतरी वर्षे चुकत होते. पडद्यावर काय होते आणि मला काय वाटले, या दोन गोष्टी वेगळ्या करणे दिसते तेवढे सोपे नाही. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ हा 1953 सालचा चित्रपट मी प्रथम एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला. ओनोमिची या बंदराच्या गावी राहणारे म्हातारे नवराबायको मुलांना भेटायला टोकियोला जातात, मुलांना वेळ नसतो, युद्धात गेलेल्या मुलाची विधवा नोरिको मात्र त्यांचे मनापासून करते, आणि गावी परतल्यावर आई आजारी पडून जाते. घरी येऊन मी दोन पाने भरून लिहिले. आई शेवटचा श्वास घेते, नवऱ्याने तिचा हात हातात धरलेला असतो, तिचे डोळे किंचित उघडे असतात, असे त्या दृश्याचे सविस्तर वर्णन मी केले होते. ते टिपण वाचून सोसायटीतील एका ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे विचारले, “हे दृश्य नेमके कुठे आहे?”

मी चित्रपट पुन्हा पाहिला आणि तसे दृश्य त्यात नाहीच. डॉक्टर असलेला थोरला मुलगा सांगतो की आई पहाटेपर्यंत काढेल असे वाटत नाही. त्यानंतर पहाटेचा निर्मनुष्य ओनोमिची दिसतो, आणि आपण घरात परततो तेव्हा आईच्या चेहऱ्यावर पांढरे कापड आलेले असते. ओसाकाला राहणारा दुसरा मुलगा उशिरा पोहोचतो; खरे तर आपणही उशिराच पोहोचलेलो असतो. मी लिहिलेला मृत्यू माझ्या आजीचा होता. तिच्या शेवटच्या रात्री हात धरून मी बसले होते आणि ओझूंनी मोकळ्या सोडलेल्या जागेत माझ्या मनाने तोच प्रसंग नेऊन बसवला होता.

तेव्हापासून मी एकच पद्धत कटाक्षाने पाळते. वहीचे पान उभे दुमडून त्याचे दोन भाग करावेत. डाव्या बाजूला एकाच प्रसंगाविषयी फक्त दिसलेले आणि ऐकलेले लिहावे: कोण कुठे बसले होते, प्रकाश कुठून येत होता, कॅमेरा हलला का, आवाज कसला होता. या बाजूला ‘हृदयस्पर्शी’, ‘अप्रतिम’, ‘तरल’ असे एकही विशेषण येता कामा नये. उजवी बाजू आपल्याला काय वाटले यासाठी; पण डावी बाजू दहा ओळींनी भरल्याशिवाय उजवीकडे एक शब्दही लिहू नये. हा नियम जाचक वाटतो आणि पहिल्या पाच-सहा चित्रपटांना तीन ओळींतच पेन अडते. तरीही सवलत घेऊ नये. संवाद मात्र अवतरणचिन्हांत घालण्याचे टाळावे, कारण आपण वाचलेले असते ते कुणाचे तरी भाषांतर.

माझ्या वहीतले उदाहरण देते. डावीकडे आहे: ‘अंत्यसंस्कारानंतर लगेच थोरली मुलगी आईचे कपडे आठवण म्हणून मागते. पुढे वडील नोरिकोला आईचे घड्याळ देतात. शेवटी आगगाडीत नोरिको ते हातात घेऊन पाहते.’ या तीन वाक्यांत मत कुठेच नाही, पण एकीने मागितले आणि दुसरीला न मागता मिळाले, हे ती शेजारी शेजारी लिहिल्यावरच माझ्या लक्षात आले. ‘सुनेचे प्रेम खरे’ असे आधीच लिहून मोकळी झाले असते, तर घड्याळ वहीत आलेच नसते.

दुसऱ्या दिवशी तेवढाच प्रसंग पुन्हा पाहून डावी बाजू तपासावी. जे चुकले असेल ते खोडरबराने पुसू नये. त्यावर एक रेघ मारावी आणि आपल्याला तसे का आठवले, ते उजव्या बाजूला लिहावे. टिपणाचा सर्वांत मोलाचा भाग माझ्या अनुभवात इथेच सापडतो. आजीविषयी मी जे काही नीट लिहू शकले, ते त्या खोडलेल्या ओळींसमोरच.

जुन्या चित्रपटासोबत एक नवा पाहावा, मग टिपणाला धार येते. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांच्या 2023 सालच्या ‘परफेक्ट डेज’मध्ये टोकियोतील सार्वजनिक शौचालये साफ करणाऱ्या नायकाचे नाव हिरायामा आहे, आणि ‘टोकियो स्टोरी’तील कुटुंबाचे आडनावही तेच. वेंडर्स यांनी ओझूंच्या शोधात टोकियोवर 1985 साली एक माहितीपटही केला होता, त्यामुळे हा योगायोग नव्हे. मात्र तुलना नावापाशी थांबवू नये. नव्या चित्रपटाच्या शेवटी गाडी चालवणाऱ्या नायकाच्या, म्हणजे अभिनेते कोजी याकुशो यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा बराच वेळ राहतो आणि त्यावर हसू व रडू एकमेकांत मिसळत जाते. ओझूंनी चेहरा झाकून टाकला, वेंडर्स यांनी तो समोरून, जवळून दाखवला. या फरकावर एक स्वतंत्र पान लिहून पाहावे.

लेख करताना उजवी बाजू आधी घ्यावी, डावीतील लागेल तेवढेच उचलावे आणि सहाशे शब्दांत थांबावे. टिपणावर तारीख घालायला विसरू नये. काही वर्षांनी तोच चित्रपट पाहाल तेव्हा जुने पान न उघडता नवे लिहावे आणि मगच दोन्ही ताडून पाहावीत. ‘टोकियो स्टोरी’वर माझी तीन टिपणे आहेत. तिसऱ्याच्या डाव्या बाजूला आजारपण नाही, घड्याळही नाही. खिडकीशी बोलून गेलेली शेजारीण आहे, आणि नंतर एकटेच पंख्याने वारा घेत बसलेले वडील.