बेळगाव परिसरात प्लॉट घेताना आणि घरात व्यवसाय थाटताना या चुका टाळा

कंग्राळी, हिंडलगा, बेनकनहळ्ळी, मच्छे ही गावे आपल्या बोलण्यात अजूनही खेडी आहेत. नियोजनाच्या कागदावर मात्र ती बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, म्हणजे बुडाच्या, हद्दीत मोडतात. निवृत्तीचा फंड आणि घरातले दागिने मोडून प्लॉट घ्यायचा, दोन खोल्या बांधायच्या आणि मग ‘ही जागा निवासी झोनमध्ये बसत नाही’ असे ऐकायचे, ही वेळ आपल्या ओळखीतल्या कितीतरी कुटुंबांवर आली आहे. बहुतेक वेळा त्यांनी लबाडी केलेली नसते. कोणता कागद कशासाठी असतो, एवढेच त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते.

एनए (बिगरशेती) झाले म्हणजे सगळे झाले, असे मानणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. शेतजमीन बिगरशेती करण्याची परवानगी कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ मधील कलम ९५ नुसार जिल्हाधिकारी देतात. ती जागा निवासी, व्यापारी, औद्योगिक की हरित पट्ट्यात आहे हे मात्र कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ खाली मंजूर झालेला आराखडा ठरवतो. त्यालाच आपल्याकडे सर्रास सीडीपी म्हणतात. हे दोन कायदे वेगळे आहेत आणि एकाची परवानगी दुसऱ्याची जागा घेत नाही. १९६१ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे आराखडा लागू झाल्यावर जमिनीचा वापर त्याच्याशी सुसंगत असावा लागतो, आणि त्या वापरासाठी शेतजमीन बिगरशेती करणे आवश्यक असेल तर महसूल कायद्याखालील परवानगीही लागतेच.

तिसरी पायरी लेआऊटच्या मंजुरीची आहे. एका सर्व्हे नंबरचे तुकडे पाडून रस्ते काढायचे असतील तर १९६१ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार नियोजन प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि त्या नकाशात रस्ते, उद्यान व नागरी सुविधांची जागा सोडलेली असावी लागते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर पाडलेले प्लॉट विक्रीला काढण्यापूर्वी रेराकडे, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी करणेही बंधनकारक आहे. विकणारा माणूस ‘एनए प्लॉट’ म्हणतो तेव्हा यांपैकी नेमकी कोणती पायरी पूर्ण झाली आहे हे शब्दांत विचारावे आणि त्या त्या आदेशाची प्रत मागावी.

एनएचा आदेश हाती आल्यावर त्यातली उद्देशाची ओळ आधी वाचावी. आदेश निवासासाठी असेल तर त्याच जागेवर गोदाम किंवा गॅरेज काढता येत नाही. ओळीखालच्या अटीही वाचाव्यात. रस्त्यापासून किती अंतर सोडायचे हे बहुधा तिथेच लिहिलेले असते. हा कागद कन्नडमध्ये असतो. तो दलालाकडून समजून घेण्यापेक्षा कन्नड उत्तम वाचणाऱ्या आणि व्यवहारात ज्याचा काहीही लाभ नाही अशा माणसाकडून ओळीने वाचून घ्यावा.

सीमेपलीकडचे नियम इकडे लावणे

आपले सोयरे कोल्हापुरात, चंदगडला, गडहिंग्लजला असतात, आणि घराच्या बाबतीत सल्ला त्यांचाच घेतला जातो. ‘आमच्याकडे गुंठेवारी नियमित झाली, तुमचीही होईल’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट नियमित करण्याचा, २००१ चा कायदा महाराष्ट्राचा आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर किंवा बेळगावातल्या प्लॉटला तो लागू होत नाही. कर्नाटकात अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी जी अक्रम-सक्रम योजना आली, तिला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्थगिती दिली. पुढे कधीतरी सक्रम होईल या भरवशावर आज पैसे गुंतवणे म्हणजे कुटुंबाचे छप्पर टांगणीला लावणे होय, असे मी अगदी स्पष्टपणे सांगतो.

बाँडवर गुंठा-दोन गुंठे घेणे

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, लहान घराला पुरेसा. म्हणूनच मोह होतो. २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमे निघाल्यामुळे शेतकरी नसलेल्यालाही कर्नाटकात शेतजमीन घेता येऊ लागली. शेतजमीन विकत घेता येते, याचा अर्थ तिच्यावर घर बांधता येते असा मात्र नाही. बाँड पेपरवरच्या कराराने मालकी मिळत नाही, उताऱ्यावर मूळ मालकाचेच नाव राहते आणि त्याच्या वारसांचा वाद तुमच्या अंगणात येतो.

पंचायतीचा कर भरला, वीज आली, म्हणजे घर कायदेशीर झाले, ही समजूतही अशीच खोटी आहे. ई-स्वत्तुचा, म्हणजे ग्रामपंचायत हद्दीतल्या मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचा, उतारा हाती आला की त्यावरचा नमुना क्रमांक पाहावा. मंजूर मालमत्तेला नमुना ९ आणि ११-अ मिळतो. ११-ब हा वेगळ्या नोंदवहीचा उतारा आहे आणि त्याने लेआऊटला मंजुरी मिळत नाही. वीज-पाण्याचा भरवसाही आता उरलेला नाही. जोडणी देण्यापूर्वी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावले आहे.

नकाशात फक्त रंग पाहणे

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी आराखड्याची प्रत टेबलावर पसरली, आपला सर्व्हे नंबर शोधला आणि तो पिवळ्या रंगात, म्हणजे निवासी पट्ट्यात, असल्याचे पाहून समाधानाने घडी घातली. त्या पिवळ्या रंगातून दोन बारीक समांतर रेषा गेल्या होत्या. तो नियोजित रस्ता होता आणि त्यांच्या प्लॉटचा निम्म्याहून अधिक भाग त्याच्या पोटात जात होता. रेषेची जाडी केसाएवढी, पण प्रत्यक्षात तेवढ्यात एक खोली मावते. त्यामुळे झेरॉक्सवर विसंबू नये. आपला सर्व्हे नंबर आणि हिस्सा लिहून नियोजन प्राधिकरणाकडून वापराबाबतचा लेखी दाखला घ्यावा आणि भूमापकाचा मोजणी नकाशा त्याच्याशी ताडून पाहावा. एकाच सर्व्हे नंबरचा एक हिस्सा निवासी आणि दुसरा हरित पट्ट्यात असू शकतो.

नाल्याकाठची जागाही नकाशावर पिवळी दिसू शकते. बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर, वडगाव आणि येळ्ळूरच्या शिवारात कसे पसरते हे शेतकऱ्यांना विचारावे आणि शक्य तर पावसाळ्यात जाऊन जागा पाहावी. सांबऱ्याच्या बाजूला विमानतळामुळे इमारतीच्या उंचीवर मर्यादा असते, तेही आधीच विचारून घ्यावे.

स्वतःचे घर आहे म्हणून त्यात काहीही चालवणे

निवासी झोनमध्ये व्यवसायाला सरसकट बंदी नसते. काही वापर मुळातच मान्य असतात, काही प्राधिकरणाच्या खास परवानगीने आणि रस्त्याची रुंदी, वाहनतळ किंवा मोटरची अश्वशक्ती पाहून मान्य होतात, आणि उरलेल्यांना मनाई असते. लहानसे किराणा दुकान आणि मंगल कार्यालय यांना एकच नियम लागत नाही. वडगाव-खासबागेत घरोघरी यंत्रमाग चालत आले आहेत आणि त्यांवर पिढ्या जगल्या आहेत. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही जुना, कायदेशीरपणे सुरू असलेला वापर सिद्ध करायचा असेल तर जुनी वीजबिले, परवाने आणि कराच्या पावत्याच उपयोगी पडतात. त्या जपून ठेवाव्यात, आणि माग वाढवताना किंवा मोटर बदलताना नव्याने परवानगी घ्यावी.

आवाजाची मर्यादा सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत ठरलेली आहे: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल. व्यापार परवाना मिळाला म्हणजे वापराला मंजुरी मिळाली असेही समजू नये. परवाना व्यवसायाचा असतो, झोन जागेचा असतो.

चूक झालीच असेल तर

नोटीस आल्यावर ती घेण्याचे टाळू नये. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे, पोच घ्यावी आणि पुढचे बांधकाम ताबडतोब थांबवावे. वापर आराखड्यात बसवता येण्याजोगा असेल तर १९६१ च्या नियोजन कायद्याच्या कलम १४-अ खाली वापरबदलाचा अर्ज करता येतो. ही प्रक्रिया वेळखाऊ आहे, शुल्क भरावे लागते आणि मंजुरीची हमी नसते, हे गृहीत धरूनच वकिलाशी बोलावे.

याच कलमाची दुसरी बाजू शेजाऱ्यांच्या कामाची आहे. वापर बदलण्यापूर्वी वृत्तपत्रात सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. आपल्या गल्लीतल्या उद्यानाच्या किंवा घराशेजारच्या जागेवर काही वेगळे होणार असेल तर ती छोटी सूचना हीच आपली संधी असते. तिच्यातला सर्व्हे नंबर आपल्या उताऱ्याशी ताडून पाहावा, हरकत मुदतीत लेखी द्यावी, आणि तिच्यात रागाऐवजी रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी, पाण्याचा निचरा, जवळची शाळा व रहदारी यांचा नेमका तपशील लिहून सोबत छायाचित्रे आणि रहिवाशांच्या सह्या जोडाव्यात.