'इन' म्हणजे 'नाही' हे आधी डोक्यातून काढा

बँकेच्या परीक्षेला नव्यानं बसणाऱ्या मराठी मीडियमच्या पोरापोरींसाठी लिहितोय. फॉर्म, सिलॅबस, कटऑफ तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही, मी कुठं आपटलो तेवढं सांगतो.

कोल्हापुरात राजारामपुरीत क्लास लावला होता. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं, पुढं 'इन' लागलं की अर्थ उलटा. करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल. लई भारी वाटलं, म्हटलं चला पाठांतर वाचलं. मग मॉक टेस्टला 'इनफ्लेमेबल' आलं आणि मी डोळे झाकून 'न पेटणारा' ठोकलं. अर्थ आहे चटकन पेट घेणारा! आणि लाज कशाची वाटली सांगू, मी रोज तावडे हॉटेलपाशी वडापची, म्हणजे शेअर जीपची, वाट बघत उभा असायचो, समोरनं पेट्रोलचे टँकर जायचे आणि पाठीमागं हेच लिहिलेलं असायचं, हायली इनफ्लेमेबल. पेट्रोलच्या टँकरवर 'अजिबात पेटत नाही' असं कोण लिहील भावा?

भानगड अशी की लॅटिनमधनं आलेले 'इन' दोन आहेत. एक 'नाही'वाला, दुसरा 'आत'वाला. इनफ्लेमेबल दुसऱ्यातला, म्हणजे ज्वाळेत घालणं, पेटवणं. इनहॅबिट पण त्यातलाच, म्हणून इनहॅबिटेबल म्हणजे राहण्याजोगं, आणि राहता येत नसेल तर अनइनहॅबिटेबल. अमेरिकेत तर अग्निसुरक्षावाल्यांनी १९२० च्या दशकातच सांगितलं की बाबांनो 'फ्लेमेबल' लिहा, लोकं गोंधळतात. म्हणजे इंग्रजांची पोरंही इथं घसरतात, आपण काय एकटे ढ नाही.

'नाही'वाला 'इन' सुद्धा सरळ नसतो. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, ज्याची किंमतच करता येत नाही असं. आपला 'अमूल्य' तसाच की, आणि अमूल्य म्हणजे फुकटचं असं आपण कधी समजतो का? इनफेमसनं तर माझा पचकाच केला. सरावाच्या इंटरव्ह्यूत गाव विचारलं, मला म्हणायचं होतं छोटंसं आहे, भुदरगडात, फारसं कुणाला माहीत नाही, आणि मी बोललो 'माय व्हिलेज इज इनफेमस'. म्हणजे कुप्रसिद्ध! पॅनेलवाले हसले, एकानं विचारलं काय खून-बिन पडतात काय तिथं.

त्यामुळं टेलिग्रामवरच्या 'सात दिवसांत हजार शब्द' असल्या पीडीएफचा नाद सोडा. ए टू झेड याद्या तर त्याहून वाईट, कारण एकाच अक्षरांनी सुरू होणारे शब्द एका पानावर आले की डोक्यात त्यांची खिचडी होते. प्रिस्क्राइब म्हणजे औषध लिहून देणं, प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणं, दोन्ही एकाच दिवशी पाठ केले आणि दोन्ही गेले. एक आज, दुसरा पंधरा दिवसांनी, आणि वाक्यासकट. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, तेव्हा अंदाजे गोळी मारू नका.

सरांवर राग नाही माझा, गणित त्यांनीच पक्कं केलं. पण 'थांब, बघून सांगतो' म्हणणारा माणूस मला अभ्यासिकेत भेटला, माझ्याआधी दोनदा नापास झालेला. आम्ही दोघं चहाला गेलो की एकमेकांना शब्द टाकायचो, निम्मं इंग्लिश तिथंच झालं. एकदम टेन्शन घेऊ नका, दिवसाला पाच शब्द बास.

इन्जीनियस म्हणजे कल्पक आणि इन्जेन्युअस म्हणजे भाबडा, का उलटं? आत्ता लिहितानाही डिक्शनरी उघडूनच बघितलं.