सुगंधी मेणबत्ती : घाई पहिल्याच दिवशी नडते
रुंद बरणीतली मेणबत्ती घेताना वाती मोजा. 10 सेंटिमीटरच्या पुढे एका वातीने कडेचं मेण सहसा वितळत नाही.

पहिल्यांदा पेटवल्यावर वरचा थर काठापर्यंत वितळेस्तोवर विझवू नका. सात-आठ सेंटिमीटरच्या बरणीला साधारण 3 तास लागतात. आधी विझवली तर मधोमध खड्डा पडतो, पुढे तोच खोल होत जातो आणि कडेचं मेण वाया. खड्डा उथळ असेल तर बरणीच्या तोंडावर फॉइल गुंडाळा, मध्ये भोक ठेवा आणि जवळ थांबून तासभर जळू द्या.

वात दर वेळी, मेण थंड असतानाच, 5 मिलिमीटरवर कापा. टोकाची काळी गाठ काढलीच पाहिजे, काजळी बहुतेक तिथूनच. पंख्याखाली तर ठेवूच नका. सलग 4 तास पुरे. फुंकर मारलीत की जळक्या वातीचा धूर सगळ्या सुगंधावर पाणी फिरवतो. त्याऐवजी चिमट्याने वात वितळल्या मेणात बुडवून विझवा आणि लगेच सरळ करा. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की पेटवणं बंद, नाहीतर काच तडकू शकते.