फायबरवरून व्हिडिओ न्यायचाय? आधी एवढं बघा

केबल अंतरापेक्षा जास्त घ्या, दोन्ही टोकांना नंबर लावा; हे सांगायला नको. थ्रीजी-एसडीआय (एचडी व्हिडिओ केबलवरून न्यायची पद्धत) म्हणजे सेकंदाला २.९७ गिगाबिट, आणि कोअ‍ॅक्स (तांब्याची केबल) शंभरेक मीटरवर हात टेकते, म्हणून तर फायबरचा खटाटोप.

आता मुख्य काम: कनेक्टरची टोकं पुसा. मागच्या वेळी हेच राहिलं आणि मी बसलो कन्व्हर्टर (व्हिडिओचा प्रकाश आणि प्रकाशाचा परत व्हिडिओ करणारा डबा) बदलत. सिंगल-मोडचा (लांब पल्ल्याच्या फायबरचा) कोअर, म्हणजे प्रकाश जाणारा गाभा, जेमतेम ९ मायक्रॉनचा. डोळ्यांना न दिसणारा कणही त्याला पुरून उरतो. पाकिटातून आत्ता काढलेली नवी कॉर्ड? तीही पुसा. टोपण होतं? टोपणातही धूळ असते, पुसा. पॅनेलच्या आत बसलेलं समोरचं टोक सगळे विसरतात. त्यासाठी वन-क्लिक क्लीनर (दाबला की टोक पुसणारं पेनासारखं साधन) ठेवा. शर्टाचं टोक चालणार नाही, फुंकर तर नाहीच. मग स्कोपखाली (टोक मोठं करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघा. जोडलेल्या फायबरमध्ये डोळा घालू नका, लेसर दिसत नाही पण डोळा जातो.

हिरवा एपीसी आणि निळा यूपीसी हे कनेक्टरचे दोन प्रकार एकमेकांत घालू नका. एपीसीचं टोक ८ अंशात तिरकं असतं, जबरदस्तीने दोन्ही बिघडतील.

एसएफपी (कन्व्हर्टरमध्ये बसणारं, लेसर आणि रिसीव्हर असलेलं छोटं मॉड्यूल) व्हिडिओचेच घ्या. डेटाचे पडून आहेत म्हणून उचलू नका. एसडीआयमध्ये कधीकधी एकाच बिटच्या लांब रांगा येतात, त्या साध्या मॉड्यूलला झेपतीलच असं नाही. कलर बार नीट दिसले म्हणून खूश होऊ नका, पॅथॉलॉजिकल पॅटर्न (मुद्दाम अशा लांब रांगा आणणारं चाचणीचं चित्र) टाकून बघा. डिजिटल चित्र शेवटपर्यंत झकास दिसतं आणि मग एकदम जातं. त्यामुळे पॉवर मीटरचा (पोचलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा लिहून ठेवा. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी (डेसिबल, प्रकाशाच्या घटीचं माप) जातात. त्याहून फार जास्त गेले तर आधी काय करायचं? टोकं पुसायची. कन्व्हर्टरला नंतर हात लावा.

लांब पल्ल्याचा लेसर जवळच्या अंतराला वापरताय तर अ‍ॅटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा जोड) लावा, नाहीतर रिसीव्हर गुदमरतो. टीएक्स (पाठवणारं टोक) समोर आरएक्स (घेणारं टोक). सुटा स्ट्रँड (जादा फायबर) ठेवा, तोही तपासलेला. टॅली (कॅमेरा चालू असल्याचा दिवा), इंटरकॉम, रिटर्न फीड (कॅमेऱ्याकडे परत जाणारं चित्र) चालवून बघा. तपासायला काढलेला कनेक्टर परत लावण्याआधी, हो, पुन्हा पुसा. वळणं मोठी ठेवा, वाटेत दरवाजा नको. गुंडाळताना आठच्या आकड्यात, कोपराभोवती नाही.